झोळी आणि तबकडी: मदतीच्या गाण्यांचा पैसा कुठं जातो?

हा भाग ऐकायला वेळ नसेल तर वाचा. मजकूर तोच आहे, फक्त मधलं अडखळणं आणि खाकरणं काढून टाकलंय.

२०२५ चा पावसाळा आठवतोय ना? ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात पाणी एवढ्या झपाट्यानं चढलं की हसनाळ, रावणगाव या भागात लष्कराला बोलवावं लागलं. पुढच्याच महिन्यात लातूर, धाराशिव, बीड, नांदेड सगळीकडे तेच. सोयाबीन काढणीच्या तोंडावर आलेलं आणि शेतात गुडघाभर पाणी. असं काही झालं की आपल्याकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांच्या डोक्यात एक कल्पना हमखास येते. कुणी रॅप करतं, कुणी भजनी मंडळात पखवाज वाजवतं, कुणाच्या घरात भीमगीतांची परंपरा आहे. प्रत्येकानं एकेक गाणं द्यायचं, सगळ्यांचा मिळून एक अल्बम काढायचा, आणि येईल तो पैसा पूरग्रस्तांना.

कल्पना चांगली आहे. आज तिचा इतिहास बघू, कारण या कल्पनेनं एकदा जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या माणसांनासुद्धा दहा वर्षं सरकारी कार्यालयाच्या दारात बसवलं होतं.

आधी झोळी होती

आपण सुरुवात १९४३ पासून करू. बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. किती माणसं गेली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण तीस लाखांचा अंदाज नेहमी दिला जातो. तेव्हा लातूर-नांदेड हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि कलकत्ता म्हणजे आपल्यासाठी दुसरं जगच. पण मुंबईत त्याच वर्षी मे महिन्यात ‘इप्टा’ ही कलावंतांची संघटना उभी राहिली होती. बंगालमधून बिनय रॉय यांचं गाणारं पथक गावोगाव, शहरोशहरी फिरत होतं. दुष्काळावरची गाणी म्हणायची आणि मदत मागायची, एवढाच कार्यक्रम.

मराठीत हे काम कुणी केलं? अण्णाभाऊ साठ्यांनी. ‘बंगालची हाक’ हा त्यांचा पोवाडा त्याच दुष्काळावरचा. जरा विचार करा. वाटेगावचा माणूस, मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहणारा, आणि तो कामगारांसमोर उभा राहून बंगालच्या भुकेबद्दल गातोय. ज्यांच्याकडे स्वतःचंच भागत नाही अशा माणसांसमोर. १९४४ मध्ये अमर शेख, गव्हाणकर आणि अण्णाभाऊ यांनी ‘लाल बावटा कलापथक’ काढलं, त्याच काळातली ही गोष्ट.

झोळीचा हिशोब सोपा असतो. गाणं संपलं, झोळी फिरली, चिल्लर मोजली, पाठवून दिली. मध्ये कंपनी नाही, करार नाही, वकील नाही. झोळीची अडचण एकच: शाहिराचा घसा बसला की ती रिकामी. दुसऱ्या दिवशी पैसे हवे असतील तर दुसऱ्या दिवशी परत गावं लागतं.

इप्टाच्या त्या मुंबईतल्या गोतावळ्यात पंचविशीतला एक सतारवादकही होता. बंगालच्या दुष्काळावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘धरती के लाल’ हा सिनेमा काढला, १९४६ साली. त्याचं संगीत या पोराचं. नाव रविशंकर. हे नाव लक्षात ठेवा, पंचवीस वर्षांनी परत येणार आहे. आणि परत येण्याचं कारणही बंगालच असणार आहे.

१ ऑगस्ट १९७१

१२ नोव्हेंबर १९७०. आज ज्याला बांगलादेश म्हणतो त्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला नावाचं चक्रीवादळ आदळलं. कमीत कमी तीन लाख माणसं गेली असं मानतात. ते सावरायच्या आत मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्करानं कत्तल सुरू केली, आणि पुढच्या काही महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. छावण्यांमध्ये कॉलरा पसरला. लेकरं मरत होती.

रविशंकर तेव्हा अमेरिकेत होते. त्यांच्या वडिलांकडचं मूळ गाव त्याच पूर्व बंगालात. त्यांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ हेही तिथलेच. म्हणजे बातमी परक्या देशाची नव्हती, घरची होती. त्यांनी ठरवलं, एक कार्यक्रम करू, पंचवीसेक हजार डॉलर जमले तरी खूप झालं. आणि हे त्यांनी आपल्या शिष्याला, मित्राला सांगितलं. शिष्य म्हणजे बीटल्सवाला जॉर्ज हॅरिसन.

पुढचं सगळं काही आठवड्यांत घडलंय. हॅरिसननं फोन लावायला घेतले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल. १ ऑगस्ट १९७१, रविवार, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एकाच दिवशी दोन खेळ, मिळून चाळीस हजार श्रोते. आज आपण टीव्हीवर असे कार्यक्रम बघून कंटाळलोय, पण एवढ्या मोठ्या रॉक कलाकारांनी आपत्तीतल्या मदतीसाठी असं एकत्र येणं तेव्हा नवीन होतं. पुढच्या सगळ्यांनी नक्कल केली ती याची.

कार्यक्रमाची सुरुवात मात्र रॉकनं झाली नाही. सुरुवातीला सतार घेऊन रविशंकर, सरोद घेऊन अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ (आपले मुंबईकर, झाकीरभाईंचे वडील) आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. चौघांनी वाद्यं लावून घेतली. पब्लिकनं टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर गोड हसून म्हणाले, नुसतं वाद्यं जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल. हॉल हसला. मग त्यांनी ‘बांगला धुन’ वाजवली. ती इथं ऐकवायची फार इच्छा होती, पण हक्कांची भानगड आहे. हसू नका, आजचा विषयच तो आहे.

तिकिटांचे किती पैसे आले? २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट. तेव्हाच्या दरानं सुमारे अठरा लाख रुपये. रविशंकरांनी मागितले त्याच्या जवळपास दहापट. ते युनिसेफला गेले. इथपर्यंत झोळीच होती, फक्त मोठी.

मग झोळीची तबकडी झाली.

कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला होता. त्याचा तीन तबकड्यांचा अल्बम करायचा ठरलं. आणि भांडणं सुरू झाली. कलाकारांनी फुकट गायलं होतं, पण कलाकार वेगवेगळ्या कंपन्यांशी बांधलेले. डिलन कोलंबियाचा, हॅरिसनचं रेकॉर्ड वितरण कॅपिटॉलकडे. प्रत्येक कंपनी विचारणार, आमचा माणूस तुमच्या रेकॉर्डवर गातोय, मग आमचं काय? कॅपिटॉलच्या खुर्चीत तेव्हा एक भारतीय माणूस होता बरं का, तिरुअनंतपुरमचे भास्कर मेनन. छावण्यांमध्ये माणसं मरत होती आणि रेकॉर्ड नुसतं पडून होतं. हॅरिसन एवढा वैतागला की टीव्हीवरच्या मुलाखतीत त्यानं कंपनीला जाहीरपणे सुनावलं. अल्बम अमेरिकेत बाजारात आला डिसेंबर १९७१ च्या विसाव्या तारखेला. तोवर काय झालं होतं? ढाका १६ डिसेंबरला मोकळं झालं होतं. युद्ध संपलं होतं!

तरीही अल्बम तुफान खपला. १९७३ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. आणि खरा घोळ त्यानंतर कळला. कार्यक्रमाच्या गडबडीत आधी करमाफीचा अर्ज कुणी केलाच नव्हता. धर्मादाय काम म्हणून कागदावर नोंदच नाही. अमेरिकेच्या कर खात्याच्या लेखी अल्बमची कमाई म्हणजे एका कंपनीची साधी कमाई. पैसा अडकला. १९७२ मध्ये वीस लाख डॉलरचा एक चेक युनिसेफला गेला होता, पण उरलेले ८८ लाख डॉलर तपासणीच्या फेऱ्यातून बाहेर पडायला १९८० चं दशक उजाडलं. ब्रिटनमध्ये सरकार विक्रीवरचा कर सोडायला तयार नव्हतं, तेव्हा हॅरिसननं १९७३ मध्ये स्वतःच्या खिशातून दहा लाख पौंडांचा चेक कर खात्याला लिहून दिला.

यात चोरी कुणी केली नव्हती. बऱ्याच जणांना वाटतं, मदतीचा पैसा पोचला नाही म्हणजे कुणीतरी खाल्ला. इथं कुणी खाल्ला नाही. फक्त एक अर्ज वेळेत भरला नव्हता.

पुढच्यांनी धडा घेतला का? अर्धा. इथिओपियाच्या दुष्काळासाठी बॉब गेल्डॉफ आणि मंडळींनी १९८४ च्या डिसेंबरात ‘बँड एड’चं गाणं काढलं, तर थॅचर सरकारनं आधी करमाफीला नकार दिला. बोंबाबोंब झाल्यावर कराएवढी रक्कम दान म्हणून परत केली. १९८५ मध्ये अमेरिकेनं मायकेल जॅक्सन, लायोनेल रिची यांच्यासह तेच केलं आणि सहा कोटी डॉलरच्या वर पैसा जमवला. या दोघांवर स्वतंत्र भाग होईल, आज सोडून देऊ.

किल्लारीचं घड्याळ

आता तुम्ही म्हणाल, दहा वर्षांनी आलेला पैसा काय कामाचा? आगीच्या वेळी विहीर खणल्यासारखंच की. मलाही हाच प्रश्न पडला होता. आणि त्याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये नाही, आपल्या औसा तालुक्यात आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं थकून झोपलेली. तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा, पण घरात विचारा, त्या पहाटे कोण कुठं होतं हे प्रत्येकाला पाठ आहे. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं. जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जपानमध्ये तेवढ्यात इतकी माणसं जात नाहीत. इथं मारलं ते घरांनी. मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ज्या माळवदानं उन्हाळ्यात घर गार ठेवलं, तेच अंगावर आलं.

पहिल्या आठवड्यात देशभरातून ट्रक आले. धान्य, कपडे, औषधं, तंबू. वर पाऊस. मदत करणारे आणि नुसते बघायला येणारे, दोघांची गर्दी. त्या आठवड्यात पैशाची कमी नव्हती, रस्त्याची होती.

आता घड्याळ पुढं फिरवा. ५२ गावं नव्या जागेवर वसवायची ठरली. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू झाला १९९४ मध्ये, आणि तो चालला पुढची चार-पाच वर्षं. नव्या गावांशिवाय तेरा जिल्ह्यांत दीड लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. घर भूकंपाला टिकेल असं कसं बांधायचं हे समजावायला गावागावात ‘संवाद सहायक’ नेमल्या. त्या बहुतेक गावातल्याच बाया. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेनं हे काम उभं केलं. त्यात बायकांनी मिस्त्र्यांना उलटे प्रश्न विचारायला सुरुवात केली, हा माझ्या मते किल्लारीतला सगळ्यात कमी सांगितला गेलेला भाग आहे.

आणि लेकरं. शांतीलाल मुथा यांची भारतीय जैन संघटना भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिकायला पुण्याला घेऊन गेली. आता बघा, पहिलीतल्या पोराचं शिक्षण पुरं व्हायला किती वर्षं लागतात? पंधरा. त्या पोराला ऑक्टोबर १९९३ मध्ये आलेल्या बिस्किटाच्या पुड्याचा उपयोग नाही. त्याला २००० साली फी लागते. २००४ साली हॉस्टेलचे पैसे लागतात. तेव्हा पेपरात किल्लारीचं नाव फक्त ३० सप्टेंबरला येत होतं.

म्हणून सांगतो, आपत्तीला दोन प्रकारचा पैसा लागतो. एक गरम पैसा, आज रात्री हवा असलेला. आणि एक गार पैसा, सगळे विसरल्यावर येणारा. गरम पैसा झोळीचा, आताच्या भाषेत क्यूआर कोडचा. तो अल्बमकडून मागणं म्हणजे बैलाला शर्यतीच्या घोड्यासारखं पळवणं. गाणी लिहायची, रेकॉर्ड करायची, मिक्स करायची, अपलोड करायची, यात दोन-तीन महिने सहज जातात. तोवर पूर ओसरलेला असतो, पंचनामे झालेले असतात. पण अल्बमची खासियत दुसरी आहे. एकदा झाला की तो गाणाऱ्याशिवाय कमावतो. शाहीर झोपला तरी तबकडी जागी असते. अल्बम हा जन्मानंच गार पैसा आहे.

आपल्या भागात तिसराही एक प्रकार झालाय. २०१६ चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिण्या, सुमारे पाच लाख लिटर. त्याच वर्षी आमीर खान आणि किरण राव यांच्या पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यातला एक आपल्या शेजारचा अंबाजोगाई. दुसऱ्या वर्षी ती तीस तालुक्यांत गेली आणि तेव्हा अजय-अतुल यांनी संगीत दिलेलं, गुरू ठाकूर यांनी लिहिलेलं ‘तुफान आलंया’ आलं. ते गाणं पैसे मागतच नव्हतं. ते फावडं उचल म्हणत होतं. पहाटे चर खणायला जाणारी माणसं मोबाइलवर ते लावून निघायची. त्याचा हिशोब रुपयात होत नाही, घनमीटरमध्ये होतो.

म्हणजे आता काय करायचं

समजा तुम्ही दहा-बारा जण खरंच अल्बम काढताय. माइक विकत घ्यायच्या आधी एक कागद घ्या. त्यावर पहिलं वाक्य हे लिहा की पैसा कुणाला आणि कशासाठी. ‘पूरग्रस्तांना’ हे उत्तर नाही. ‘अमुक शाळेच्या मुलांची पुढच्या पाच वर्षांची फी’ हे उत्तर आहे. हॅरिसनकडे नेमकं हेच कार्यक्रमाआधी कागदावर नव्हतं.

स्वतःची संस्था काढायच्या भानगडीत पडू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, हिशोब तपासून घेणारी एखादी जुनी संस्था शोधा आणि तिच्याशी लेखी ठरवा. करसवलतीची पावती देणगीला मिळते. अल्बम विकला तर ती विक्री असते, विक्रीला कराचे नियम लागतात. ब्रिटनमध्ये हॅरिसनचे दहा लाख पौंड याच फरकात गेले. अमेरिकेतला, दुबईतला मामा पैसे पाठवतो म्हणत असेल तर आणखी सावध. परदेशी नागरिकाची देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी, आणि २०२० पासून एका संस्थेनं घेतलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्या मामाचा नियम वेगळा, म्हणून मामाचा पासपोर्ट कुठला हे आधी विचारा. मामा रागावला तरी चालेल.

मग गाण्याची मालकी. एका गाण्याचे मालक तीन: लिहिणारा, चाल देणारा आणि रेकॉर्डिंग ज्याचं तो. तिघांच्याही सह्या हव्यात, आणि त्यात वर्ष लिहिलेलं हवं. कायमचं दान दिलंय की पाच वर्षांसाठी? आज सगळे मित्र आहेत. उद्या त्यातलं एखादं गाणं व्हायरल झालं, एखाद्या सिनेमावाल्यानं मागितलं, तर? अशा वेळी मैत्री मोडते आणि पैसा मध्येच लटकतो. गोंधळ, भारूड असं परंपरेनं आलेलं काही घेत असाल तर मूळ कुणा एकाचं नाही, पण ज्या गोंधळ्याकडून तुम्ही चाल शिकलात त्याचं नाव पहिल्या पानावर टाका. आणि त्याचं मानधन द्या. त्यानं फुकट गावं अशी अपेक्षा ठेवू नका, कदाचित त्याचंही शेत वाहून गेलेलं असेल.

स्ट्रीमिंगचे पैसे किती येतात? एका ऐकण्याला पैशांत मोजावेत इतके. १९७१ मध्ये लोक डबा विकत घेत होते, तीन तबकड्या आणि सोबत फोटोंची पुस्तिका. आज लोक स्क्रोल करतात. त्यामुळे ज्या साइटवर ऐकणारा स्वतःच्या मर्जीनं किंमत ठरवून अल्बम विकत घेऊ शकतो, तिथंही ठेवा. हजार जणांनी फुकट ऐकण्यापेक्षा पन्नास जणांनी शंभर-शंभर रुपये दिलेले जास्त भरतात.

न्यूयॉर्कच्या त्या अल्बमचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. १९८५ पर्यंत त्याचे सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर बांगलादेशातल्या कामासाठी गेले होते. हॅरिसन २००१ मध्ये गेला. २००५ मध्ये अल्बम आणि फिल्म नव्यानं बाजारात आणली, आणि हॅरिसनच्या नावानं युनिसेफसोबत एक निधी उभा केला. विक्रीचा पैसा तेव्हापासून त्या निधीत जातो. १९७१ च्या छावणीत जन्मलेलं लेकरू त्या साली चौतीस वर्षांचं झालं होतं.